आजोबांच्या फोटोची दुरुस्ती: जिथे द्यावी असं दुकान

आजोबा पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या दुसऱ्या बटालियनमध्ये होते. दुसऱ्या महायुद्धात २१ जून १९४२ ला लिबियातलं तोब्रुक जर्मन-इटालियन फौजांच्या हाती पडलं आणि ते कैद झाले. पुढे इटलीतल्या छावणीत. तिथला त्यांचा एकच फोटो घरात उरलाय. बुरशीचे डाग, मधोमध घडी, डावा खांदा उडालेला.

आधी एका ठिकाणी सॉफ्टवेअरने गाल इतके गुळगुळीत करून दिले, की आजोबा ओळखू येईनात. या दुकानाच्या मालकांनी मात्र पहिल्यांदा विचारलं, "हे तेव्हा खरंच एवढे वाळले होते का हो?" होते. आजी सांगायची, परत आले तेव्हा सदरा खुंटीला टांगल्यासारखा दिसायचा. मग त्यांनी आत गेलेले डोळे, वर आलेली गालफडं तशीच ठेवली. फक्त डाग आणि घडी काढली. खांदा जोडला नाही. "जे नाही ते मी काढणार नाही," म्हणाले. मला हे फार पटलं. मागे पेन्सिलने लिहिलेला कैदी क्रमांकही न सांगता स्कॅन करून दिला.

वेळ लागतो, घाई असेल तर जाऊ नका. प्रिंट मॅट कागदावरच घ्या. आणि जुना फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नका, फ्रेमसकट न्या.