सी भाषेच्या कॉमन हेडरमध्ये काय ठेवायचं: मॅक्रो, एनम की कॉन्स्ट? आणि टाइप कुणाचे?

बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीत रिले, मीटर किंवा इन्व्हर्टरचं फर्मवेअर (चिपच्या आत चालणारा प्रोग्रॅम) सीमध्ये लिहायला बसलात, की पहिल्याच आठवड्यात हा प्रश्न येतो. सगळ्या फायली जी हेडर फाइल ओढून घेणार, तिच्यात कॉन्स्टंट कसे लिहायचे आणि टाइपची नावं कोणती धरायची? एकदा चाळीस फायलींत पसरलं की नंतर बदलायला कुणी तयार नसतं, म्हणून आत्ताच ठरवा. माझी कसोटी एकच आहे: ही किंमत वाचणार कोण? प्रीप्रोसेसर (कंपायलरच्या आधी मजकुरात अदलाबदल करणारा टप्पा), कंपायलर, डीबगर उघडून बसलेला माणूस, की तारेच्या पलीकडचा दुसरा बोर्ड?

कलाभवनातून, म्हणजे इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजातून, नुकताच पास झालेला आमच्याकडचा एक मुलगा म्हणाला, "दादा, सगळं कॉन्स्टनं लिहू या ना, सी प्लस प्लसमध्ये तसंच करतात." तिकडे करतात, खरंय. पण सीमध्ये 'कॉन्स्ट इंट' म्हणजे फक्त लिहायला बंदी असलेलं व्हेरिएबल. ते स्विचच्या केसमध्ये चालत नाही, ग्लोबल ॲरेचा आकार म्हणून चालत नाही, बिटफील्डच्या (स्ट्रक्टमधल्या मोजक्या बिटांच्या फील्डच्या) रुंदीला चालत नाही. काही कंपायलर एखाद्या ठिकाणी चालवून घेतात, त्यांच्या भरवशावर राहू नका. कॅलिब्रेशनचे तक्ते, सीआरसीचं (डेटातली चूक पकडणाऱ्या बेरजेचं) टेबल यांना मात्र 'स्टॅटिक कॉन्स्ट'च हवं. एआरएम जातीच्या चिपवर ते सहसा फ्लॅशमध्येच बसतं. जुन्या ८-बिट एव्हीआर चिपवर नुसत्या कॉन्स्टनं रॅम खाल्ली जाते, तिथे डेटा फ्लॅशमध्येच ठेवायला सांगणारं 'प्रोगमेम' लावावं लागतं.

सी२३ या सीच्या नव्या स्टँडर्डमध्ये 'कॉन्स्टएक्स्पर' (कंपाइल करतानाच किंमत ठरलेला कॉन्स्टंट) आलंय आणि त्यानं वरच्या बहुतेक अडचणी सुटतात. जीसीसी या फुकट कंपायलरच्या १३व्या आवृत्तीपासून ते वापरता येतं. पण चिप कंपनीनं दिलेला कंपायलर किती जुना आहे ते आधी बघा.

खरी निवड मॅक्रो (हॅश-डिफाइननं दिलेलं नाव) आणि एनम (आकड्यांना नावं देणारी यादी) यांच्यात आहे.

हॅश-डिफाइनला टाइप नाही, स्कोप नाही, डीबगरमध्ये नावही सहसा दिसत नाही. तरी एका कामाला त्याच्यावाचून इलाज नाही: हॅश-इफ, म्हणजे अट पाहून कोड ठेवणं किंवा गाळणं. प्रीप्रोसेसरला एनम कळतच नाही. चॅनलची कमाल संख्या एनममध्ये ८ ठेवलीत आणि खाली 'हॅश-इफ चॅनल_कमाल मोठं ४ पेक्षा' लिहिलंत, तर प्रीप्रोसेसर ते अनोळखी नाव ० धरतो. अट खोटी ठरते, आतला सगळा कोड गायब होतो आणि एररची एक ओळही येत नाही. जीसीसीत 'डब्ल्यू-अनडेफ' चालू ठेवा, निदान वॉर्निंग तरी मिळेल.

मॅक्रोतला दुसरा खड्डा गणिताचा. 'मिनिट_एमएस' म्हणून ६० गुणिले १००० लिहिलं. ३२-बिट चिपवर ठीक. एव्हीआरवर इंट १६ बिटांचा, त्यात ३२७६७च्या पुढे मावत नाही. गुणाकार ओव्हरफ्लो होतो आणि हाती बहुधा उणे ५५३६ येतं. म्हणून आकड्याला 'यूएल' (अनसाइन्ड लाँग) लावा, कंस घाला. कंस न घालणाऱ्याला कोड रिव्ह्यूत चहा पाजायला लावा, सवय लागते.

एनमचा फायदा डीबगरमध्ये कळतो. रिले कुठल्या अवस्थेत अडकला ते बघताना नुसता ३ दिसण्याऐवजी 'स्टेट_ट्रिप' दिसतं. स्विचमध्ये एखादी केस विसरलात तर जीसीसीच्या 'डब्ल्यू-ऑल' पर्यायात वॉर्निंग येते. अवस्था, एरर कोड, मेसेजचे प्रकार, सगळं एनममध्येच जावं असं माझं मत. मर्यादा दोन. सी२३च्या आधी एनमची किंमत इंटमध्ये मावायलाच हवी, म्हणून ३२-बिट शब्दातल्या सगळ्यात वरच्या बिटाचा (०पासून मोजून ३१वा) मास्क मॅक्रोतच ठेवा. आणि एनमचा आकार ठरलेला नसतो: एआरएमवर ऑपरेटिंग सिस्टिमशिवायच्या जीसीसीत लहानसा एनम एका बाइटचा होतो, त्याच एआरएमवर लिनक्समध्ये चार बाइटचा. मीटरनं पाठवलेलं पॅकेट लिनक्सवाल्या गेटवेवर वाचताना पुढची सगळी फील्ड सरकतात. पॅकेटच्या स्ट्रक्टमध्ये म्हणून 'यूइंट८_टी' (नेमका ८ बिटांचा टाइप), आणि एनम फक्त आतल्या कोडमध्ये.

आता टाइप. लिनक्स कर्नलमध्ये यू८, यू३२ दिसतात म्हणून तीच नावं उचलायचा मोह होतो. कर्नल १९९१चा, 'यूइंट८_टी'सारखी नावं देणारं 'स्टडइंट' हेडर सी९९मध्ये (१९९९च्या स्टँडर्डमध्ये) आलं; त्यांची नावं आधीपासूनची आहेत. तुमचा प्रोजेक्ट आज सुरू होतोय, तुम्हाला तो इतिहास नको. स्वतःची नावं केलीत की चिप कंपनीच्या लायब्ररीतल्या नावांशी कधी ना कधी टक्कर होते. करायचीच असतील तर शेवटी '_टी' लावू नका, ती नावं पॉसिक्सनं (युनिक्ससारख्या सिस्टिमच्या स्टँडर्डनं) राखून ठेवली आहेत. माझा कौल सरळ स्टडइंटला. लूपच्या काउंटरला साधा इंट, मेमरीच्या मापाला साइझ_टी. लाँग शक्यतो टाळा: ६४-बिट लिनक्सवर तो आठ बाइट, विंडोजवर चार.

बूल (खरं-खोटं ठेवणारा टाइप) स्वतः टाइपडेफ करू नका. जुन्या कोडमध्ये 'अनसाइन्ड चार'लाच बूल म्हटलेलं सापडतं. त्यात 'फ्लॅग अँड हेक्स १००' टाकलं, तर नववा बिट चालू असूनही खालचे आठच बिट उरतात आणि उत्तर ०, म्हणजे खोटं. सी९९च्या खऱ्या बूलमध्ये शून्य नसलेलं काहीही आलं की १ होतं.

इन्व्हर्टरवाल्यांसाठी एक खास बाब. टीआय (टेक्सस इन्स्ट्रुमेंट्स) कंपनीच्या सी२००० कुटुंबातल्या अनेक चिपवर 'चार' हा टाइपच १६ बिटांचा असतो, त्यामुळे तिथे 'यूइंट८_टी' नसतोच. एआरएम आणि सी२००० दोन्हीकडे तोच कोड चालवायचा असेल तर हिशेबाला 'यूइंट_लीस्ट८_टी' (किमान ८ बिटांचा टाइप) घ्या आणि बाइट सुटे करताना शिफ्ट-मास्क हातानं लिहा. एआरएमपुरताच कोड असेल तर हेडरच्या वरच स्टॅटिक ॲसर्ट (कंपाइल करतानाच होणारी तपासणी) टाका, 'चार_बिट' म्हणजे 'चार'मधले बिट ८ आहेत का ते तपासणारा.