पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५: आधी रबर, मग बाकी सगळं

एकशे पंधरा अश्वशक्ती आज साध्या घरगुती गाडीलाही असते. त्यामुळे तेवढ्याच ताकदीची पहिल्या पिढीची एमएक्स-५, म्हणजे माझदाची दोन सीटची, कापडी छताची छोटी स्पोर्ट्स कार, हाती आली की बहुतेकांची नजर आधी बॉनेटखाली जाते. एअर फिल्टर, एक्झॉस्ट, जमलंच तर टर्बो. माझी गाडी १.६ लिटरची, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीची. गेले काही महिने ती स्वतः खोलतोय, जोडतोय, रोजच्या रस्त्यावर आणि अधूनमधून ट्रॅकवर चालवतोय. यातून माझं मत ठाम झालंय: या गाडीवरचा पहिला पैसा रबरावर घालवावा. टायर, बुश (सस्पेन्शनच्या सांध्यांमधले रबरी तुकडे), होस पाइप, सील, आणि गिअर लिव्हरखालचं ते एवढंसं बूटसुद्धा. इंजिनाची पाळी शेवटी.

आधी गाडीबद्दल थोडं. ती १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या ऑटो शोमध्ये पहिल्यांदा दिसली. वजन साडेनऊशे किलोच्या आसपास, इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांवर, आणि चारही कोपऱ्यांना डबल विशबोन सस्पेन्शन, म्हणजे प्रत्येक चाक वर एक आणि खाली एक अशा दोन आडव्या बाहूंनी धरलेलं. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना जोर वाटून देणारा गिअरांचा डबा) यांना एका लांब अॅल्युमिनियमच्या तुळईने जोडलंय. तिला पॉवर प्लांट फ्रेम म्हणतात. अॅक्सिलरेटरवर पाय ठेवताच गाडी लगेच ओढते, मध्ये कुठे सैलपणा जाणवत नाही, त्याचं मोठं श्रेय या तुळईला. हलकी गाडी असल्याने तिच्यात केलेला छोटासा बदलही थेट हातापायांना कळतो. चांगला बदल कळतो तसा वाईटही कळतो, आणि वाईट जरा लवकर.

सुरुवात तेलांपासून केली, कारण ते सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित काम. इंजिन ऑइल सगळेच बदलतात. गिअरबॉक्समध्ये मात्र काय घालायचं यावर नीट लक्ष द्यावं. ७५डब्ल्यू-९० हा दाटपणाचा आकडा जुळला म्हणून डब्यातलं कुठलंही ओतू नये. डिफरन्शियलसाठी बनवलेल्या जीएल-५ तेलांतली काही रसायनं गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगांना मानवत नाहीत, म्हणून गिअरबॉक्सला जीएल-४ प्रतीचंच तेल. त्याहून विसरली जाणारी जागा म्हणजे गिअर लिव्हरच्या बुडाशी असलेली छोटी कुपी. तिचं तेल वेगळं असतं, गिअरबॉक्सचं तेल बदललं तरी ते बदलत नाही. प्रमाण जेमतेम ऐंशी-नव्वद मिलिलिटर. तिच्यावरचं रबरी बूट वयोमानाने फाटतं, आणि मग गिअरबॉक्सची धग व घरघर थेट केबिनमध्ये येते. दोन्ही बूट आणि तेल बदलल्यावर गिअर पडताना जो 'खट्' असा कोरडा, नेमका आवाज येतो, त्यासाठी लोक लिव्हरची चाल आखूड करणारे महागडे शॉर्ट शिफ्टर बसवतात. मला त्याची गरज वाटली नाही.

आता मुख्य काम, सस्पेन्शन. इथे सगळ्यात जास्त वेळ गेला आणि सगळ्यात जास्त फरक पडला. तीस वर्षांचं रबर दिसायला धड असतं, पण दाबलं की भेगा उघडतात. बुश बदलताना लगेच प्रश्न येतो की मूळ रबर घ्यावं की पॉलीयुरेथेन. पॉलीयुरेथेन कडक असतं, टिकतं, घरी बसवायला सोपं. पण ग्रीस सुकलं की कुरकुरतं आणि रस्त्याची बारीक थरथर आत पाठवतं. मी रबर घेतलं. फक्त ट्रॅकसाठी गाडी असती तर दुसरा निर्णय घेतला असता.

रबरी बुशची एक गंमत आहे. ते लोखंडी नळ्यांना चिकटवलेलं असतं, म्हणजे विशबोन वरखाली होताना ते सरकत नाही, पिळलं जातं. गाडी जॅकवर असताना, चाकं लोंबकळत असताना बोल्ट घट्ट केले तर गाडी जमिनीवर आल्याक्षणी प्रत्येक बुश कायमचं पिळलेलं राहतं. गाडी उंच उभी राहते, कडक वाटते आणि नवं रबर लवकर फाटतं. म्हणून बोल्ट आधी नुसते बसवायचे, गाडीचं वजन चाकांवर आलं की मग शेवटचा पाना फिरवायचा. गॅरेजमध्ये काम देणार असाल तर हे एवढं वाक्य आवर्जून सांगा. घाईच्या दिवशी हीच पायरी गाळली जाते.

दुसरा अडथळा खालच्या विशबोनच्या एक्सेंट्रिक बोल्टांचा, म्हणजे फिरवले की विशबोन किंचित सरकवणाऱ्या बोल्टांचा. या गाडीला पुढे कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल), कॅस्टर (स्टेअरिंगच्या अक्षाचा पुढे-मागे कल) आणि टो (चाकांची तोंडं आत की बाहेर), मागे कॅम्बर आणि टो असं सगळं जुळवता येतं. रोजच्या गाड्यांना एवढी मुभा नसते. पण ही मुभा या बोल्टांवर अवलंबून आहे, आणि ते बुशच्या आतल्या नळीत गंजून एकजीव होतात. भेदक तेल, उष्णता, संयम. आणि तरीही काही बोल्ट कापूनच निघतात. कामाला हात घालण्याआधी नवे बोल्ट आणून ठेवावेत, नाहीतर गाडी चौथऱ्यांवर उभी राहते आणि आपण पार्सलची वाट बघत बसतो. नवे बसवताना अँटी-सीझ लावायचं, म्हणजे पुढच्या वेळी हीच लढाई नको.

स्प्रिंग मी बदलल्या नाहीत. या गाडीत सस्पेन्शनची चाल मुळातच कमी आहे. नुसत्या आखूड स्प्रिंगा टाकून गाडी खाली बसवली की ती फोटोत देखणी दिसते आणि प्रत्येक खड्ड्यात बम्प स्टॉपवर, म्हणजे सस्पेन्शनची चाल संपते तिथल्या अडसरावर, आदळते. वळणाच्या मध्येच बम्प स्टॉप लागला तर तो कोपरा एकदम ताठ होतो आणि चाक पकड सोडतं. मूळ उंचीच्या स्प्रिंगांसोबत चांगल्या प्रतीचे, जुळवता येणारे शॉक अॅब्सॉर्बर घेतले आणि मऊ टोकापासून थोडं पुढे ठेवले. गाडी वळणात अजूनही झुकते. झुकू दे. ती कशी आणि किती झुकतेय हे आता आधीच कळतं.

अलाइनमेंट पुढे उणे १ अंश कॅम्बर, मागे उणे दीड, पुढचा टो शून्य, मागे किंचित आत. अलाइनमेंट करताना चालकाच्या सीटवर चालकाएवढं वजन ठेवायला सांगितलं. एवढ्या हलक्या गाडीत त्याने आकडे हलतात. आणि हवा! कंपनीने ठरवलेला दाब आहे २६ पीएसआय. हवा भरणारा सवयीने बत्तीस-तेहतीस भरतो आणि मग लोक म्हणतात की गाडी उड्या मारते, सस्पेन्शन गेलंय. चाकंही मूळ १४ इंचीच ठेवली आहेत, १८५/६० चे टायर, फक्त रबर चांगल्या पकडीचं. मूळ अलॉय इतकं हलकं आहे की १६ इंची देखण्या चाकांनी वजनात तोटाच होतो, आणि तो स्प्रिंगच्या खालच्या बाजूला, जिथे तो सगळ्यात जास्त बोचतो.

ब्रेकबद्दल थोडक्यात. मोठ्या डिस्क आणि रंगीत कॅलिपर या वजनाला लागत नाहीत. १.६ च्या पुढच्या डिस्क २३५ मिलिमीटरच्या, म्हणजे आजच्या मानाने बशीएवढ्या. पण ट्रॅकवर पेडल आधी मऊ पडतं ते बहुतेकदा फ्लुइडमुळे. ब्रेक फ्लुइड हवेतली आर्द्रता शोषतं. डॉट ४ चा उकळबिंदू कोरडा असताना किमान २३० अंश सेल्सियस, ओलावा शोषल्यावर किमान १५५. हा पाऊणशे अंशांचा फरक म्हणजेच शेवटच्या फेरीत जमिनीला टेकणारं पेडल. ताजं फ्लुइड, बरे पॅड आणि कॅलिपरच्या सरकत्या पिनांना योग्य ग्रीस, एवढ्यावर मी समाधानी आहे. मागचे पॅड बदलणाऱ्यांसाठी: तिथला पिस्टन क्लॅम्पने दाबू नका. कॅलिपरमागे १४ मिलिमीटरचा एक बोल्ट आहे, तो काढला की आत ४ मिलिमीटरच्या अॅलन कीने पिस्टन मागे घेता येतो. हँडब्रेकची यंत्रणा त्याच पिस्टनला जोडलेली आहे, म्हणून हा द्राविडी प्राणायाम.

इंजिनकडे येतो. टायमिंग बेल्ट साधारण एक लाख किलोमीटरला बदलायचा असतो, पण जुन्या गाडीत किलोमीटरपेक्षा वर्षं मोजावीत. या १.६ मध्ये बेल्ट तुटला तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळत नाहीत, ही मोठी कृपा. तरी बंद पडलेली गाडी रस्त्याच्या मधोमधच असणार. वॉटर पंप वेगळ्या पट्ट्यावर फिरतो, पण तो काढायला टायमिंगची झाकणं आणि बेल्ट उतरवावाच लागतो, म्हणून दोन्ही कामं एकत्र. सोबत कॅम आणि क्रँक या इंजिनातल्या फिरत्या दांड्यांचे ऑइल सील, आणि इंजिनच्या मागच्या टोकाला कॅम अँगल सेन्सरची ओ-रिंग (गोल रबरी कडी). ही रिंग अगदी किरकोळ वस्तू, पण ती कडक झाली की तेल गिअरबॉक्सच्या कवचावरून खाली उतरतं आणि मागचं मोठं सील गेल्याचा भास होतो. गिअरबॉक्स उतरवायचा खर्च मान्य करण्याआधी तिथे बोट फिरवून बघा.

१९९१ पर्यंतची गाडी घेणाऱ्यांनी क्रँकची पुली नक्की तपासावी. पुलीच्या चेहऱ्यावर चार खाचा असतील तर तो आखूड नाकाचा क्रँक. तिथली चावी (पुली जागेवर धरणारी छोटी लोखंडी पट्टी) आणि तिची खाच झिजण्याची तक्रार जगभर माहीत आहे. आठ खाचा असतील तर नंतरचा, मजबूत. माझ्या गाडीला आठ आहेत.

कूलिंगची रचना समजून घेण्यासारखी आहे. हे इंजिन मुळात आडवं बसवायच्या, पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीसाठीच्या घराण्यातलं. इथे ते उभं बसवलं, मागे केबिनची भिंत आली, म्हणून कूलंटची बाहेर जायची वाट मागून उचलून पुढे आणली. परिणामी कूलंट पुढूनच येतं आणि बरंचसं पुढूनच जातं, आणि सगळ्यात मागच्या चौथ्या सिलिंडरच्या वाट्याला कमी प्रवाह येतो. टर्बो बसवणारे ही वाट पुन्हा मागून काढतात. मूळ ताकदीवर चालणाऱ्या गाडीला त्याची गरज नाही, पण रेडिएटर धड हवा. त्याची प्लास्टिकची टाकी काळ्याची तपकिरी, मग पिवळसर व्हायला लागली की निवृत्तीची वेळ झाली समजायचं. मी रेडिएटर, थर्मोस्टॅट आणि सगळे होस एकदम बदलले. एकच जुना होस ठेवला तर दाब नेमकी तीच कमजोर जागा शोधतो.

ताकदीच्या नावाखाली केलेली एकच गोष्ट मला मनापासून पटली, आणि ती फुकट आहे. मूळ इग्निशन टायमिंग १० अंश पुढे असतं. डायग्नोसिस बॉक्समधले टीईएन आणि जीएनडी हे दोन बिंदू तारेने जोडून, टायमिंग लाइट लावून, कॅम अँगल सेन्सर किंचित फिरवत ते १४ अंशांवर आणलं. खालच्या आरपीएमला गाडी जरा हुशार झाली. पेट्रोल मात्र चांगल्या ऑक्टेनचं लागतं. इंजिन चढावर खडखडलं तर गुपचूप परत १० वर यावं. उघडा एअर फिल्टर काही आठवडे लावून बघितला आणि काढला. १.६ मध्ये हवेच्या वाटेत हवा मोजणारा, झडपेचा एअरफ्लो मीटर बसलेला आहे, अडथळा तिथेच. त्याच्या पुढचा फिल्टर बदलून आवाज वाढतो आणि बॉनेटखालची गरम हवा आत जाते. एक्झॉस्ट बदलणार असाल तर आधी दुसऱ्याच्या गाडीत बसून पाचव्या गिअरमध्ये ताशी १०० ने जा. तिथे इंजिन साधारण ३,३०० आरपीएमवर असतं आणि नेमकं त्याच टापूत बऱ्याच एक्झॉस्टची घूं घूं डोक्यात जाते.

छताची निगा हा कंटाळवाणा, पण गाडी वाचवणारा भाग. कापडी छतावरचं पाणी सीटांच्या मागे दोन्ही बाजूंना असलेल्या नळ्यांमधून खाली जातं. पाचोळा अडकला की पाणी दाराखालच्या सिलमध्ये साठतं आणि गंज आतून सुरू होतो. बाहेर फोड दिसेपर्यंत पत्रा संपलेला असतो. नळी साफ करायला लवचिक प्लास्टिकची दोरी वापरावी, तार खुपसली तर खालची रबरी झडप फाटते. प्लास्टिकची मागची खिडकी चेन उघडून सपाट टाकल्याशिवाय छत दुमडू नये, थंडीत तर मुळीच नाही. बॅटरी डिकीत असते, म्हणून ती बंदिस्त प्रकारची आणि वायू बाहेर नेणाऱ्या नळ्यांची सोय असलेली हवी. दुकानात मापात बसली म्हणून कुठलीही साधी बॅटरी तिथे ठेवणं धोक्याचं. उघडमीट करणारे दिवे दगा देतात असा समज आहे. मोटरवर हाताने फिरवायचा नॉब असतो, त्याने दिवे वर करून ठेवता येतात. बाकी स्टिकर, सीट कव्हर, गिअर नॉब हे ज्याच्या त्याच्या हौसेवर.

रोज वापरायला कशी? आवाज आहे, डिकी लहान आहे, उंच माणसाचं डोकं छताला लागतं, आणि खराब रस्त्यावर डॅशबोर्डच्या वरची चौकट हलल्याचं दिसतं. यातलं काहीही मी दुरुस्त करायला गेलेलो नाही. पण नव्या बुशांनंतर स्टेअरिंगमधून टायरची कुजबुज जशी येते तशी आजच्या इलेक्ट्रिक स्टेअरिंगच्या गाडीत मला अजून सापडलेली नाही. ताशी ६० च्या वेगातसुद्धा गाडी चालवल्यासारखं वाटतं, आणि लायसन्स शाबूत राहतं.

पुढचं काम कुठलं, यावर सध्या अडलोय. नंतरच्या १.८ लिटरच्या गाड्यांमधलं टॉर्सन, म्हणजे एकच चाक नुसतं फिरू न देणारं डिफरन्शियल बसवावं अशी इच्छा आहे. वळणातून बाहेर पडताना आतलं चाक नुसतं फिरतं, ते थांबेल. पण ते डिफरन्शियल मोठं आहे, त्याच्यासोबत मागचे दोन्ही ड्राइव्हशाफ्ट आणि मधला प्रॉपशाफ्टही १.८ चाच लागतो. शिवाय त्याचं गुणोत्तर बहुतेकदा ४.१, माझं ४.३, म्हणजे पकड मिळेल आणि त्या बदल्यात ११५ पैकी थोडा जोर प्रत्येक गिअरमध्ये कमी जाणवेल. ४.३ चे दात जुळवून टॉर्सन बांधून देणारे कारागीर आहेत, पण तो खर्च वेगळाच. तोवर क्लचचा खालचा सिलिंडर ओलसर दिसायला लागलाय. तो आधी.