शहापुरातलं बिनपाटीचं बाइंडिंग आणि आमच्या घरची 5 पुस्तकं

आधी पैशाचं सांगतो, कारण सगळे तेच विचारतात. घरची 5 जुनी पुस्तकं नव्यानं बांधून घेतली, बिल 2,150 रुपये, वेळ 24 दिवस. चार पुस्तकांचं काम मनासारखं झालं, एकात घोटाळा झाला, तो पुढं सांगतो. दुकान बेळगावच्या शहापूर भागात एका गल्लीच्या पार आत आहे, पाटी नाही. नाव मी लिहीत नाही, मालकांनीच हात जोडले. "नाव नको घालू हो, एकटा माणूस मी. गर्दी झाली की काम बिघडतंय." त्या बाजूच्या कुठल्याही वह्यांच्या दुकानात 'जुज (पानांचे गठ्ठे) शिवणारे काका' म्हणून विचारा, पोरगं दारापर्यंत आणून सोडतं.

मी 30 वर्षं बसमध्ये कंडक्टर होतो. खानापूर, लोंढा, जांबोटी, हेच रूट. कागदाशी माझा संबंध तिकिटाएवढा. निवृत्तीनंतर गावच्या घराची कौलं उतरवली तेव्हा माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली आली. वर जुनं गोणपाट, खाली भाताचं तूस, आणि तुसात 5 पुस्तकं. आमच्या क्रिस्तांव, म्हणजे कॅथलिक, घरात तीन पिढ्यांत जमलेली ही सगळी ग्रंथसंपदा. हसू नका, गावात आमचं घर 'पुस्तकवाल्यांचं' म्हणून ओळखलं जायचं. बाकीच्या घरांत एखादं असायचं, तेही तेर्साच्या, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेच्या, वेळी शेजारी मागून न्यायचे.

शहापूरला जाण्याआधी मी बेळगावात एका झेरॉक्सच्या दुकानात गेलो होतो. तिथल्या पोरानं पुस्तक उलटंपालटं केलं आणि म्हणाला, "काका, कडा छाटून स्पायरल मारून देतो, दहा मिनिटांत." मी पुस्तक त्याच्या हातातून काढून घेतलं. का, ते सांगतो.

माझी आत्या, वय 86, शाळेत कधी गेली नाही. पण रोज संध्याकाळी आल्तारीपुढं मेणबत्ती लावून लादाईन, म्हणजे आळवणीची प्रार्थना, म्हणते ती मांडीवर पुस्तक उघडून. पानंही उलटते, आणि बरोबर जागी उलटते. लहानपणी मला वाटायचं आत्याला वाचता येतं. मोठा झाल्यावर कळलं, तिला अक्षर येत नाही, पान येतं. लादाईनीच्या पानांची कड अंगठ्यांनी काळी होऊन चकचकीत झालीय. मेलेल्यांसाठीच्या प्रार्थनेच्या पानावर मेणाचा डाग आहे. सांत आंतोनच्या नोव्हेनात, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थनेत, झावळ्यांच्या आयतवाराची (ईस्टरच्या आधीच्या रविवारची) वाळलेली पात आहे. बोट फिरवलं की जागा सापडते. ती कड छाटली तर आत्याचं पुस्तक कोरं झालं की!

शहापूरच्या काकांना हे सांगावं लागलं नाही. त्यांनी पुस्तक हातात घेतलं, उघडलं नाही, आधी आडवं धरून कड बघितली. म्हणाले, "हे कटिंगला लावायचं नाही." तिथंच मी 500 रुपये आगाऊ दिले.

आता पुस्तकांचं सांगतो, कारण पाचही वेगवेगळ्या दुखण्याची होती.

पहिलं आत्याचं. शामायनं, म्हणजे माझ्या आजीनं, लग्नात गोव्याहून आणलेलं. भाषा कोंकणी, लिपी रोमन. तिकडं इगर्जीच्या, म्हणजे चर्चच्या, शाळेत पोरांना दोतोर्न (धर्माची शिकवण), गाणं आणि थोडी अक्षरओळख मिळायची, त्यातून शामायला ही लिपी आली. शापाय, म्हणजे आजोबा, लोंढ्याला रेल्वेत गँगमन. त्यांना मराठी शाळेमुळं देवनागरी येत होती, रोमन नाही. म्हणजे एकाच घरात नवरा-बायकोची पुस्तकं वेगळी, एकाचं दुसऱ्याला लागत नाही! रात्री एकानं मोठ्यानं वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, याला हेही एक कारण. आणि रविवारी मीस, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लॅटिनमध्ये, ती तर दोघांनाही लागत नव्हती. पाद्री तिकडं पाठ करून उभे आणि माणसं इकडं आपापल्या पुस्तकातली प्रार्थना नाहीतर तेर्स म्हणत बसलेली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, 1965 च्या पुढं, मीस आपल्या भाषेत आली, तेव्हा शामाय म्हणाली म्हणे, "आतां पुस्तक कित्याक?" आता पुस्तक कशाला?

दुसरं पुस्तक शापायांचं, देवनागरी, पुठ्ठा नाही, पहिली 16 पानं नाहीत. याच्यावरून गावात गंमत झाली. कुणीतरी उठवलं की आमच्याकडं 'ख्रिस्तपुराण' सापडलं. दोन दिवस माणसं बघायला येत होती. नावेलीच्या बाजूच्या एका ओळखीच्या फादरांनी फोनवर माझी समजूत काढली. फादर थॉमस स्टीफन्स हा जेज्विट संघाचा इंग्रज पाद्री 1579 साली गोव्यात आला आणि त्यानं मराठी ओव्यांत येशूची कथा लिहिली, जवळपास अकरा हजार ओव्या. ती राशोलला 1616 साली छापली गेली, पुढं 1649 आणि 1654 साली पुन्हा, पण रोमन अक्षरांत, कारण देवनागरीचे छपाईचे खिळे तिथं नव्हते. त्या तिन्ही छापील आवृत्त्यांतली एक प्रतही आज कुणाला सापडलेली नाही. 1684 साली पोर्तुगीज सरकारनं देशी भाषेवरच बंदीचा हुकूम काढला. तरी पुराण टिकलं ते माणसांनी हातानं उतरवून घेतलेल्या प्रतींवर. तशा प्रती जमवून 1907 साली मंगळूरला ते परत छापलं, आणि देवनागरीत यायला 1956 साल उजाडलं. शापायांचं पुस्तक त्याच्याहून जुनं, देवनागरी, आणि आत एक ओवी नाही, साधी मराठी प्रार्थना. माणसं निराश होऊन घरी गेली. एकानं तर चहा पिऊन झाल्यावर विचारलं, "मग याचे किती येणार?"

तिसरं दोतोर्नचं चोपडं, प्रश्न आणि उत्तर, प्रश्न आणि उत्तर. हे वाचायचं नसतं, पाठ करायचं असतं. ते फाटलंही तसंच होतं, पहिली दहा पानं चिंध्या आणि शेवटची नवीकोरी. माझ्यासकट कुणीच शेवटपर्यंत गेलेलं नाही.

चौथं म्हणजे 'निरोप्या'चे अंक. हे मासिक 1903 साली फादर हेन्री डोरिंग या जर्मन जेज्विटानं काढलं, तिकडं नगरच्या भागात. आमच्याकडं ते कसं यायचं ठाऊक नाही. माझा अंदाज, लोंढा जंक्शनमुळं. रेल्वेची माणसं डब्याबरोबर कागदही इकडून तिकडं नेत. शापायांनी 14 अंक सुतळीनं शिवून एक केले होते. सुई बहुतेक गोणी शिवायची, दाभणच. भोकं एवढी मोठी की काका हसले. "रेल्वेचं काम दिसतंय." मग त्यांनी ती भोकं चिंध्यांपासून केलेल्या कागदाच्या पट्ट्यांनी बुजवली आणि नव्यानं टाके घातले, हे मला सगळ्यात आवडलेलं काम. सुतळी फेकली नाही, पुडीत बांधून परत दिली.

पाचवं सांगायला थोडी लाज वाटते. कोंकणी रोमान्स, म्हणजे कादंबरी, रोमन लिपीत, मुखपृष्ठावर पिस्तूलवाला माणूस आणि रडणारी बाई. धाकटे काका बोटीवर तारवटी, म्हणजे खलाशी, होते. मुंबईला उतरले की धोबीतलावला आमच्या माणसांच्या कुडीत, म्हणजे गाववाल्यांच्या राहायच्या जागेत, राहायचे, तिथून आणलेलं. कुडीत असली पुस्तकं हातोहात फिरायची. घरी मात्र शामायची एकच परीक्षा. पुस्तक उघडायचं आणि पहिल्या पानावर बिशपची परवानगी, ते 'इम्प्रिमातुर', छापलंय का बघायचं. नसेल तर चुलीत. रोमच्या चर्चनं 1559 सालापासून वाचायला मनाई असलेल्या पुस्तकांची यादीच ठेवली होती, ती 1966 साली बंद केली. आमचं पिस्तूलवालं त्या यादीत असायचं कारण नाही, पण खेड्यात यादी कोण बघतंय? पाद्रीनं नाक मुरडलं की झालं. तरी ते चुलीत गेलं नाही, तुसात सगळ्यात खाली सापडलं. आणि त्यातल्या 40 व्या पानात एक सांताचं चित्र खूण म्हणून ठेवलेलं. धाकटे काका कधी चित्रांनी खूण घालायचे नाहीत, पान दुमडायचे. शामायच घालायची.

बायबल या पेटीत नव्हतं. बेळगावात लंडन मिशन या प्रोटेस्टंट संस्थेचे टेलर 1820 सालीच आले, त्यांच्या लोकांच्या घरी मराठी बायबल असायचं, आणि 'त्यांच्या' घरी आहे म्हणूनच की काय, आमच्या घरी नसायचं. माझ्या घरात पहिलं बायबल मी आणलं, तेही लग्नानंतर.

कामाबद्दल. काका जुज शिवतात, म्हणजे पानांचा एकेक गठ्ठा मधोमध दोऱ्यानं. फेव्हिकॉल फासून थोपटत नाहीत. खळ स्वतः शिजवतात आणि त्यात मोरचूद घालतात, कसर आणि वाळवी लागू नये म्हणून. वर बाइंडिंगचं कापड, रेक्झिन मागितलं तर देतात पण तोंड वाकडं करून. मोडलेल्या पानांना पातळ कागद लावतात, त्यातून अक्षर दिसतं. सोनेरी नाव घालायचं तर वेगळे 120 रुपये. मी घातलं नाही. ज्या पुस्तकाला नावच उरलेलं नाही त्याच्यावर काय घालणार?

आता घोटाळा. शामायच्या पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर घरातल्यांचे जन्म, बाप्तिस्मे आणि मरणं लिहिलेली होती. अक्षर शापायांचं, रेल्वेच्या कॉपिंग पेन्सिलीनं. ती पेन्सिल कोरडी असताना करडी दिसते, पाणी लागलं की जांभळी. काकांनी अस्तराचा कागद लावताना ते पान खळीनं पुठ्ठ्याला चिकटवून टाकलं. मी घेताना बघितलं नाही, चूक माझीही. घरी आल्यावर आत्यानं शेवटचं पान चाचपलं आणि म्हणाली, "आमचीं मनशां खंय गेलीं?" आमची माणसं कुठं गेली?

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं शहापूर. काकांनी वाद घातला नाही, सबबही सांगितली नाही. ओल्या कापसानं तासभर एकेक बोट जागा सोडवली. मी स्टुलावर बसून बघत होतो. पान आलं, पण चार ओळी जांभळ्या होऊन फुटल्या. धाकट्या काकांचा जन्म 1941 की 1947, आता सांगता येत नाही. इगर्जीचं रजिस्टर बघावं लागेल. त्या पुस्तकाचे पैसे ते घेत नव्हते. मी निम्मे टेबलावर ठेवून आलो. वरचं बिल ते धरून आहे.

तर, तुम्ही गेलात तर एक करा. पुढची-मागची कोरी पानं आधी मोजून त्यांच्यासमोर वहीत लिहून द्या, आणि ज्या पानावर हातानं काही लिहिलंय तिथं चिठ्ठी लावा. कॉपिंग पेन्सिल असेल तर तोंडानं सांगा. पावसाळ्यात देऊ नका, जून ते सप्टेंबर खळ वाळत नाही आणि आमच्या खानापूरच्या पावसात तर पुठ्ठा पापडासारखा वाकतो. रविवारी बंद. मी मीस संपवून गेलो होतो, फुकट फेरी पडली.

तक्रार आणखी एक, बारीक. नवी शिवण घट्ट असल्यामुळं पुस्तक मांडीवर सपाट उघडं राहत नाही, आपोआप मिटतं. काकांचं म्हणणं, रोज थोडं उघडत गेलं की महिन्यात सैल होईल. आत्याला महिनाभर थांबणं जमत नाही. पहिल्या दिवशी तिनं पुस्तक नाकाला लावलं, चुलीच्या धुराऐवजी नव्या खळीचा वास आला, तर "हें आमचें न्हय" म्हणून बाजूला सारलं. रात्री जेवणं झाल्यावर मी पाहिलं, तर दोन्ही बाजूंना दोन बटाटे ठेवून पुस्तक उघडं केलेलं आणि अंगठा लादाईनीच्या काळ्या कडेवर. बटाटे अजून तिथंच असतात, रोजचे.