पेटंटची नोटीस आल्यावर : हरकत, दावा, प्रतीक्षा की परवाना?

रबाळे एमआयडीसीतील आमच्या गाळ्यात एका दुपारी रजिस्टर पोस्टाने दोन पानांचे पत्र आले. आम्ही पाऊच पॅकिंगची यंत्रे बनवतो आणि आमच्याकडे सगळी मिळून अकरा माणसे आहेत. पत्र ज्या कंपनीच्या वकिलांचे होते, तिच्या नुसत्या कॅन्टीनमध्ये याहून जास्त माणसे राबत असावीत. आमच्या सीलिंग जॉची (पाऊच उष्णतेने दाबून बंद करणाऱ्या जबड्याची) रचना त्यांच्या पेटंटचा भंग करते, म्हणून पंधरा दिवसांत उत्पादन थांबवावे आणि आजवर विकलेल्या यंत्रांचा हिशेब द्यावा, असा मजकूर होता. पेटंटचा क्रमांक दिलेला होता. नेमक्या कोणत्या क्लेमचा, म्हणजे पेटंटमधील हक्काच्या कोणत्या मागणीचा, भंग होतो आणि कसा, याबद्दल अवाक्षर नव्हते. असे पत्र हाती आलेल्या लहान कारखानदारापुढे प्रामुख्याने चार वाटा असतात आणि त्यांतली कोणती निवडावी हे पत्रातील भाषेच्या जोरापेक्षा काही तारखांवर आणि कागदांवर ठरते.

म्हणून आधी पेटंट वाचावे. पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर ते विनामूल्य पाहता येते. पेटंटची मुदत अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षे असते, पण नूतनीकरणाचे शुल्क न भरल्यास ते मध्येच संपते, त्यामुळे ते आज जिवंत आहे का हे प्रथम तपासावे. त्यानंतर पहिला क्लेम समोर ठेवून आपल्या यंत्राशी शब्दशः ताडून पाहावा. आमच्या बाबतीत त्या क्लेममध्ये हीटर, कटर, स्प्रिंगचा दाब आणि जॉच्या आतच बसवलेला तापमानाचा सेन्सर असे चार घटक एकत्र मागितलेले होते, आणि आमचा सेन्सर बाहेरच्या ब्रॅकेटवर आहे. क्लेममधील एक आवश्यक घटक आपल्याकडे नसेल तर सामान्यतः भंग होत नाही. मात्र फरक केवळ नावापुरता असेल तर न्यायालय त्याला भुलत नाही, हेही लक्षात ठेवलेले बरे.

पेटंट मिळाले म्हणजे ते वैध ठरले, हा समज सर्वांत महागात पडतो. पेटंट कायदा 1970 च्या कलम 13(4) मध्येच पेटंटच्या वैधतेची हमी दिली जात नाही असे म्हटले आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज या खटल्यात, लेथवर भांडी धरण्याच्या साधनाचे पेटंट नावीन्य आणि कल्पकता नसल्यामुळे रद्द ठरवले. तो वादही भांडी बनवणाऱ्या कारखानदारांमधलाच होता.

पेटंटवरच हल्ला करायचा असेल तर दोन दारे आहेत. पेटंट दिल्याचे प्रसिद्ध झाल्यापासून एक वर्षाच्या आत कोणाही हितसंबंधी व्यक्तीला कलम 25(2) नुसार पेटंट नियंत्रकाकडे हरकत नोंदवता येते. हा मार्ग तुलनेने स्वस्त आहे आणि लहान उद्योगांना शुल्कात सवलतही मिळते. हरकत मंडळात पेटंट कार्यालयाचेच तीन सदस्य असल्याने यंत्र समजावून सांगण्याचे कष्ट कमी पडतात. त्याची उणीव अशी की निर्णय लागेपर्यंत पेटंट लागूच राहते आणि तोवर समोरच्याला दावा लावण्यापासून कोणी अडवत नाही. दुसरे दार कलम 64 चे : उच्च न्यायालयात रद्दीकरणाची याचिका, किंवा आपल्यावर दावा झाल्यावर त्यातच प्रतिदावा. जिल्हा न्यायालयातील दाव्यात असा प्रतिदावा केला की ते प्रकरण उच्च न्यायालयाकडे जाते, म्हणजे ठाण्यातून फोर्टला.

दोन्ही दारे मात्र एकाच वेळी उघडता येत नाहीत. ॲलॉयस वोबेन विरुद्ध योगेश मेहरा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये स्पष्ट केले की ज्याने कलम 25(2) ची हरकत घेतली त्याला कलम 64 खाली पुन्हा रद्दीकरण मागता येणार नाही, आणि याचिका व प्रतिदावा यांपैकीही एकच चालवता येईल. त्यामुळे हाती पुरावा भक्कम असेल आणि वर्षाची मुदत उरली असेल तरच हरकत घ्यावी. घाईने, अर्धवट कागदांवर घेतलेली हरकत फेटाळली गेली तर पुढचे शस्त्रही बोथट होते. पेटंटच्या अग्रक्रमाच्या तारखेआधी (जिच्यावरून शोधाचे नावीन्य मोजले जाते) ती रचना भारतात खुलेपणाने वापरात होती, हे दाखवणारा कागद येथे सोन्याच्या मोलाचा असतो. आमच्याकडे तो निघाला तो माळ्यावरच्या एका फुगलेल्या बॉक्स फाईलमध्ये : फरसाण बनवणाऱ्या एका ग्राहकाचे जुने डिलिव्हरी चलन आणि त्याला टाचलेले, तारीख व सही असलेले जॉचे ड्रॉइंग. आपण आधीपासून वापरत होतो एवढ्यानेच आपल्याला वेगळा बचाव मिळत नाही, परंतु तोच वापर उघड असल्यास पेटंटच्या नावीन्यावर घाव घालतो, आणि कलम 107 प्रमाणे रद्दीकरणाची प्रत्येक सबब बचाव म्हणूनही मांडता येते.

स्वतःहून न्यायालयात जायचे असेल तर कलम 105 आणि कलम 106 यांची गल्लत करू नये. कलम 105 खाली आपले उत्पादन भंग करत नाही अशी घोषणा मागता येते, पण त्याआधी पेटंटधारकाला संपूर्ण तपशील देऊन लेखी कबुली मागावी लागते, पेटंटच्या वैधतेला तेथे हात लावता येत नाही, आणि विशेष कारण नसल्यास सर्व पक्षांचा खर्च आपल्यावर पडतो. लहान उद्योगाने या कलमाकडे वळू नये असे माझे मत आहे. कलम 106 निराधार धमक्यांविरुद्ध आहे : धमक्या असमर्थनीय असल्याची घोषणा, मनाई आणि नुकसानभरपाई असे तिन्ही मागता येतात, भंग सिद्ध करण्याचा भार धमकी देणाऱ्यावर येतो, आणि क्लेम अवैध असल्याचे आपल्याला तेथे दाखवता येते. केवळ ‘आमचे पेटंट आहे’ एवढे कळवणे मात्र धमकी ठरत नाही.

या मार्गाचे सर्वांना ठाऊक उदाहरण म्हणजे बजाज आणि टीव्हीएस यांचा वाद. दोन स्पार्क प्लगच्या इंजिनाच्या पेटंटवरून टीव्हीएसने 2007 मध्ये मद्रास उच्च न्यायालयात कलम 106 खाली दावा केला, बजाजने लगोलग भंगाचा दावा लावला, प्रकरण 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि शेवट झाला तो 2019 मधील तडजोडीने. एवढी वर्षे वकील पोसण्याची ऐपत दोघांकडेही होती. आपल्याकडे नसते, म्हणून कलम 106 तेव्हाच वापरावे जेव्हा धमकी आपल्या ग्राहकांपर्यंत जाते. पेटंट असलेले यंत्र वापरणे हाही भंग असल्यामुळे ग्राहक घाबरतो आणि ऑर्डर थांबवतो. अशा पत्रांचा खरा नेम पुष्कळदा तेथेच असतो. तोंडी धमकीही कायद्यात बसते, परंतु ती सिद्ध करायला ग्राहक कोर्टात येत नाही, हा आमचा अनुभव. व्हॉट्सॲपवरचा एक संदेश दहा तोंडी तक्रारींहून उपयोगी पडतो.

परवाना घेणे कमीपणाचे नाही. क्लेम तंतोतंत जुळत असेल, जुना पुरावा नसेल आणि रचना बदलण्याचा खर्च रॉयल्टीपेक्षा जास्त असेल, तर तोच शहाणपणाचा व्यवहार. करारात पेटंटच्या वैधतेला आव्हान न देण्याची अट घातलेली असल्यास ती कलम 140 नुसार निरर्थक आहे, हे वकिलाला आवर्जून विचारावे.

राहिली प्रतीक्षा, म्हणजे सविस्तर उत्तर देऊन थांबणे. पत्राकडे दुर्लक्ष करणे म्हणजे प्रतीक्षा नव्हे, कारण क्रमांकासह पत्र मिळाल्यानंतर ‘पेटंटची कल्पना नव्हती’ हा कलम 111 चा बचाव पुढील विक्रीसाठी उरत नाही. आमच्या बाबतीत हरकतीचे वर्ष उलटून गेले होते, सेन्सरचा फरक ठोस होता आणि चलन हाती होते. म्हणून आम्ही क्लेमनिहाय उत्तर पाठवले, चलनाचा उल्लेख केला पण प्रत जोडली नाही, आणि रद्दीकरण प्रतिदाव्यासाठी राखून ठेवले. दावा ठाण्यातच होईल असे नाही, यंत्र जेथे विकले तेथेही तो लावता येतो; आमची दोन यंत्रे दिल्लीला गेलेली आहेत. म्हणून ठाणे जिल्हा न्यायालय, मुंबई उच्च न्यायालय आणि दिल्ली उच्च न्यायालय अशा तिन्ही ठिकाणी आम्ही कॅव्हेट, म्हणजे आमचे ऐकल्याशिवाय आदेश देऊ नये अशी आगाऊ विनंती, दाखल केले. ते 90 दिवसच टिकते, त्यामुळे दर तिमाहीच्या जीएसटीच्या कागदांबरोबर आता नव्या कॅव्हेटचे कागदही आमच्या टेबलावर सहीसाठी येतात.