भस्माचा भाव ग्रॅमवर होता. ३९,५०० रुपये गेले

पुण्यात आईला हाडांच्या डॉक्टरांना दाखवून बाहेर पडलो होतो. गुडघा बदलायला सांगितल्यामुळे ती रडवेली झाली होती. पार्किंगमध्ये एक गृहस्थ जवळ आला. "मावशींना जिना जड जातो का?" त्याची आई म्हणे अंथरुणाला खिळलेली, आता पर्वती चढते. पैशाचं बोलला नाही, माझा नंबर मागितला नाही. दुकानाचं नाव चिठ्ठीवर लिहून दिलं आणि गेला. दलाल मलाही कळतात, पण आई तशी रडत असताना कोण उलटतपासणी घेत बसेल?

दुकानात निर्गुंडी, शल्लकी, गुग्गुळ, हाडजोड, सगळी ओळखीची नावं. आमची आजी निर्गुंडीच्या पाल्यानेच गुडघे शेकायची. तेल १,१०० रुपये. "यात भस्म लागेल, ४८०." मी हो म्हटलं. 'ग्रॅमला' हा शब्द दुकानदाराने उच्चारलाच नाही. मुलाने भस्म तोललं आणि लगेच खलात चूर्णासोबत घोटायला घेतलं. काट्यावर ८० ग्रॅम मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं! सोनाराचा काटा जडीबुटीच्या दुकानात कशाला, हे तेव्हाच विचारायला हवं होतं. घोटून झाल्यावर आकडा सांगितला: भस्माचे ३८,४००. "आता परत घेता येत नाही, पेशंटच्या नावाने बनलंय." २५,००० फोनवरून दिले, उरलेल्या १४,५०० साठी त्यांचा पोरगा एटीएमपर्यंत सोबत आला.

घोटण्याआधी एकूण रक्कम लिहून घ्या. कुणी एटीएमपर्यंत सोबत येत असेल तर तिथूनच घरी जा.

तिसऱ्या दिवशी आईचा गुडघा हलका झाला. आमच्या डॉक्टरांना नेमकी त्याचीच शंका आली. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं. स्टिरॉइडने रक्तातली साखर वाढते, म्हणून ती तपासली तर २६८. (बरेच दिवस घेत असाल तर पुडी मनाने एकदम बंद करू नका, आधी डॉक्टरांना दाखवा.)

चौकीत विचारलं, "जबरदस्ती केली का? मग फसवणूक कसली?" वर दुकान दुसऱ्या हद्दीत. त्या हद्दीतल्यांनी औषध प्रशासनाकडे पाठवलं. आयुर्वेदिक औषधांचे परवाने तेच खातं देतं, पण तिथला माणूस म्हणतो बिलावर औषधाचं नाव नाही. नाहीच! बिलावर 'आयु. साहित्य' लिहिलंय, हीच तर माझी तक्रार आहे! पुडीवर परवाना क्रमांक नाही, बॅच नंबर नाही, मुदत नाही. दुकानाबाहेर 'संधिवात मुळापासून बरा' असा बोर्ड, आणि अशा जाहिरातीला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. हे सगळं मी त्यांना सांगायचं? चार खेपा झाल्या, अर्जाची पोचसुद्धा दिली नाही. पोच घेतल्याशिवाय उठू नका. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर निदान तक्रार क्रमांक मिळाला.

तुमच्या घरी अशी पुडी उरली असेल तर फेकू नका, बिलासकट जपून ठेवा. एकट्याच्या अर्जाला कुणी विचारत नाही, पाच-सहा जण एकत्र गेलो तर नमुना तपासायला तरी घ्यावा लागेल.