पृथ्वीगोल आणि तीन चेंडू: गोल फुगवलेला, चेंडू कामाचे

30 सेंमी व्यासाचा प्लास्टिकचा उठावाचा पृथ्वीगोल, त्यावर बसणारं वातावरणाचं पारदर्शक कवच आणि तीन चेंडू: निळा समुद्राचा, पांढरा हवेचा, तपकिरी जमिनीचा. नागपूरच्या बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) अकराशे रुपयांना मिळालेला हा संच शाळेसाठी घ्यायचा असेल तर चेंडूंसाठी घ्या. त्यातलेही दोनच बरोबर आहेत.

पृथ्वीचा व्यास 12,742 किमी. म्हणजे या गोलावर 1 मिमी म्हणजे सुमारे 42 किमी. एवढं ध्यानात ठेवलं की बाकीची गडबड पट्टीनेच पकडता येते.

हिमालयाचा उठाव कॅलिपरने 4 मिमी भरला. म्हणजे 170 किमी उंचीचा डोंगर! एव्हरेस्ट 8,849 मीटर, इथे 0.2 मिमी, झेरॉक्सचे दोन कागद एकावर एक ठेवावेत इतकं. समुद्राची सरासरी खोली 3.7 किमी, ती एका कागदातही मावते. समुद्रसपाटीपासून 310 मीटरवरचं नागपूर तर छपाईच्या शाईतच बुडालं. खरा उठाव बोटाला लागलाच नसता, म्हणून फुगवला हे समजतं. पण वीसेक पट फुगवलाय हे संचाच्या पुस्तिकेत कुठेच छापलेलं नाही.

कवचाची चूक मोठी. गोल आणि कवच यांच्यात 15 मिमीची फट आहे, म्हणजे 640 किमी. अंतराळाची सीमा धरतात ती 100 किमीवर, इथे जेमतेम अडीच मिमी. निम्मी हवा तर पहिल्या साडेपाच किलोमीटरमध्येच असते: 0.13 मिमी. पुस्तिका वातावरणाला संत्र्याच्या सालीची उपमा देते. 7 सेंमीच्या नागपुरी संत्र्याची 3 मिमीची साल पृथ्वीवर साडेपाचशे किमी होईल. संत्र्यावर 100 किमी दाखवायला अर्ध्या मिमीची साल लागेल, आणि तसलं संत्रं कळमन्याच्या मंडीतही मिळायचं नाही. कवच डब्यातच राहू द्या.

आता चेंडू. समुद्राचं पाणी सुमारे 133 कोटी घन किमी. ते एका गोळ्यात भरलं तर या प्रमाणात व्यास 32 मिमी येतो. निळा चेंडू तेवढाच आहे. पांढरा 47 मिमीचा, तोही बरोबर, पण सगळी हवा समुद्रसपाटीच्या घनतेला दाबून बसवली असं धरलं तरच. ही अट पुस्तिकेत नाही, त्यामुळे मुलं हमखास 'हवा पाण्यापेक्षा जास्त' असं लिहून मोकळी होतात. आकारमानाने जास्त, वजनाने अजिबात नाही: समुद्र 1 किलोचा धरला तर सगळी हवा पावणेचार ग्रॅम, आणि अख्खी पृथ्वी चार टनांच्या वर. चेंडू दाखवताना शेजारी तराजू ठेवाच.

तपकिरी चेंडू 30 मिमीचा आहे, तो साफ चुकला. जमीन 14.9 कोटी चौरस किमी, सरासरी उंची 800 मीटरच्या थोडी वर; समुद्रसपाटीवरची सगळी जमीन खरवडली तर गोळा जेमतेम 15 मिमीचा होतो. खंडांखालचा खोलवरचा खडकही धरला असेल म्हणावं, तर चेंडू 5 सेंमीच्याही वर जायला हवा होता. कुठल्याच हिशेबात 30 बसत नाही. बहुधा डोळ्याला तिन्ही जवळपास सारखे दिसावेत म्हणून केलंय, आणि नेमका तिथेच धडा बुडाला. उपाय दोन रुपयांचा: त्याच्या जागी 15 मिमीचा काचेचा कंचा ठेवा.

घेताना दुकानातच तीन गोष्टी तपासा. विषुववृत्तावरचा सांधा: दोन अर्धगोल नीट जुळले नसतील तर आफ्रिका आणि इंडोनेशियाचे किनारे सरकलेले दिसतात. आसाचा कल: कोनमापकाने साडेतेवीस अंश यायला हवा. आणि भारताची सीमा बरोबर दाखवलीय का ते. गोल मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत किंवा बंद गाडीत ठेवू नका. सांध्याचा गोंद मऊ पडतो आणि तिथून तो उकलायला लागतो. उकललाच तर दोन भागांचा इपॉक्सी लावून दोरीने बांधा आणि रात्रभर तसाच राहू द्या. फेव्हिक्विकने प्लास्टिकवर पांढरे डाग पडतात.