पेंटबॉल स्पर्धेतील पंचांना मोबदला कसा द्यावा: सामन्यामागे, दिवसामागे की सवलतीच्या रूपात?

नाशिकमध्ये गंगापूर रोड किंवा त्र्यंबक रोडच्या बाजूला मैदान घेऊन पेंटबॉलची स्पर्धा भरवू पाहणाऱ्या आयोजकाचे अंदाजपत्रक बहुधा मैदानाचे भाडे, गोळ्या, हवेचे सिलिंडर आणि बक्षिसे यांपासून सुरू होते, आणि पंचांच्या वाट्याला शेवटी जे उरेल ते येते. माझ्या मते या खेळात पंचांचा आकडा सर्वांत आधी मांडायला हवा. यात मार्करने, म्हणजे हवेच्या दाबावर चालणाऱ्या बंदुकीने, समोरच्या संघावर रंगाच्या गोळ्या झाडतात आणि अंगावर गोळी फुटलेला खेळाडू बाद होतो. या गोळीचे कवच जिलेटिनचे असते आणि आतला रंग पाण्याने निघून जाणारा असतो. कपडे खराब होऊ नयेत म्हणून केलेली ही सोय लबाडी करणाऱ्यालाही तेवढीच उपयोगी पडते. मांडीवर गोळी फुटलेला खेळाडू बंकरमागे, म्हणजे लपण्याच्या आडोशामागे, गुडघे टेकता टेकता हातमोज्याने डाग पुसतो आणि पुन्हा मार्कर उचलतो. एवढ्या वेळात पंच तिथे पोहोचला नाही, तर बाद झालेला खेळाडू पुढच्या मिनिटात समोरच्या दोघांना बाद करून सामना फिरवू शकतो.

आपल्याकडे पंचगिरीचा सर्वांत ओळखीचा नमुना कबड्डीचा आहे. पुरुषांच्या कबड्डीचे मैदान 13 मीटर बाय 10 मीटरचे असते आणि सगळे खेळाडू पंचांच्या डोळ्यांसमोर असतात. पेंटबॉलचे मोठ्या स्पर्धांतील मैदान 150 फूट बाय 120 फूट, म्हणजे क्षेत्रफळाने त्याच्या सुमारे तेरापट असते आणि त्यावर माणूस लपेल एवढे फुगवलेले बंकर मांडलेले असतात. त्यामुळे पाच-पाचच्या संघांसाठीसुद्धा सहा ते आठ पंच लागतात, आणि ते दिवसभर धावत असतात.

सर्वांत स्वस्त पर्याय म्हणजे ज्या संघाचा सामना नाही त्याच्या खेळाडूंनी पंचगिरी करायची. त्यांना नियम आणि लबाडीच्या जागा दोन्ही ठाऊक असतात, ही या पद्धतीची खरी जमेची बाजू. मात्र जिथे हा खेळ स्पर्धेच्या पातळीवर खेळणारे मोजकेच लोक आहेत आणि सगळे एकमेकांना ओळखतात, तिथे सकाळी ज्याला बाद ठरवले त्याच्याशीच दुपारी गाठ पडते. पंच प्रामाणिक असला तरी त्याच्यावर संशय घेतला जातो, आणि त्या संशयानेच स्पर्धेची निम्मी पत जाते. शिवाय ही कामगिरी सक्तीची वाटत असल्याने दुसऱ्या फेरीपर्यंत निम्मे लोक सावली शोधू लागतात.

दुसरा पर्याय वस्तुरूप मोबदल्याचा: पुढच्या स्पर्धेचे प्रवेश शुल्क माफ, किंवा 2,000 गोळ्यांची एक पेटी. आयोजकाला गोळ्या घाऊक दराने मिळत असतील तर त्याचा खर्च कमी होतो आणि घेणाऱ्याला मूल्य जास्त वाटते, म्हणून हा सौदा मोहात पाडतो. परंतु तो फक्त खेळाडूलाच आकर्षक आहे, म्हणजे आपण पुन्हा कुठल्या तरी संघाच्याच माणसाला शिट्टी देतो. महाविद्यालयात शिकणारा, स्वतः न खेळणारा पण चपळ आणि नि:पक्ष असा मुलगा गोळ्यांची पेटी घेऊन काय करणार?

सामन्यामागे पैसे देणे वरवर न्याय्य दिसते. अडचण अशी की ठरावीक गुण आधी मिळवणारा जिंकेल अशा पद्धतीत एक सामना काही मिनिटांत आटोपतो, तर दुसरा वेळ संपेपर्यंत चालतो, आणि दाम दोन्हींचे सारखेच. याहून गंभीर बाब म्हणजे या दरात घाईला बक्षीस मिळते. सामन्यापूर्वी प्रत्येक मार्कर क्रोनोग्राफवर, म्हणजे गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर, तपासायचा असतो. वेगाची मर्यादा साधारणपणे सेकंदाला 300 फूट धरली जाते. ही तपासणी उरकून टाकणारा पंच खेळाडूंच्या डोळ्यांशी खेळत असतो. पुकारलेल्या दंडांवर किंवा कर्णधारांनी दिलेल्या गुणांवर बक्षिसी देण्याचा विचारही करू नये, कारण पहिल्या पद्धतीत पंच दंड शोधत फिरेल आणि दुसरीत कर्णधारांची मर्जी सांभाळेल.

राहतो तो दिवसाचा ठरलेला रोज. यात निकाल काहीही लागला आणि सामना कितीही लांबला तरी पंचाच्या खिशावर परिणाम होत नाही, म्हणून मी याच बाजूचा आहे. त्यातला दोष दुपारी दिसतो. एप्रिलच्या उन्हात, मैदानावर असेपर्यंत मास्क काढायची मुभा नसताना, तीन वाजता पाय जड होतात आणि पैसे तर ठरलेलेच असतात. यावर उपाय दराचा नाही, नियोजनाचा आहे: आठांपैकी दोन पंच आळीपाळीने विश्रांतीवर, मांडव, पाणी आणि वेळेवर जेवण.

दर मात्र तोंडदेखला नसावा. उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्तिचिनी या अर्थशास्त्रज्ञांनी 2000 साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात, देणग्या गोळा करणाऱ्या ज्या विद्यार्थ्यांना अगदी किरकोळ मोबदला कबूल केला होता त्यांनी काहीही न मिळणाऱ्या विद्यार्थ्यांपेक्षा कमी रक्कम जमवली. दोनशे रुपये आणि वडापाव देऊन पंच बोलावणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. त्यापेक्षा मनापासून आलेला स्वयंसेवक बरा. समजा आठ पंचांना प्रत्येकी 1,500 रुपये दिले, तर 12,000 रुपये होतात. बारा संघांत वाटले तर संघामागे 1,000 आणि पाच जणांच्या संघात खेळाडूमागे 200 रुपये. यापेक्षा जास्त किमतीच्या गोळ्या एकेक खेळाडू दिवसभरात उडवतो. प्रवेश शुल्कात ‘पंच मानधन’ अशी वेगळी ओळ छापली, तर संघही कुरकुर न करता देतात असे मला वाटते, कारण चांगली पंचगिरी सर्वांत जास्त त्यांनाच हवी असते.

पैशांइतकेच महत्त्वाचे आहे ते पंचाच्या पाठीशी उभे राहणे. कर्णधार आरडाओरडा करत आला की आयोजकच निर्णय फिरवणार असेल, तर पुढच्या वेळी तो पंच डाग दिसूनही हात वर करणार नाही. तक्रार फक्त मुख्य पंचाकडे, सामना संपल्यावर आणि लेखी, हा नियम स्पर्धेआधीच्या बैठकीत सर्व कर्णधारांना सांगावा आणि मुख्य पंचाला इतरांपेक्षा जास्त मानधन द्यावे, कारण तो ताण तोच झेलतो. मानधन त्याच संध्याकाळी हातावर ठेवावे किंवा यूपीआयने पाठवावे. हंगामातील सगळ्या स्पर्धांना हजर राहिलेल्यांना शेवटी एक ठरलेली रक्कम वेगळी दिली, तर शिकवून तयार केलेली माणसे टिकतात.

पैसे कमीच पडत असतील तर मिश्र व्यवस्था चालेल: गुणलेखन, घड्याळ आणि क्रोनोग्राफजवळच्या रांगेची शिस्त संघांच्या खेळाडूंकडे, पण बाद ठरवण्याचा अधिकार फक्त रोजावरच्या पंचांकडे. तेही जमत नसेल तर बक्षिसाची रक्कम घटवावी किंवा लहान मैदान आखून तीन-तीनच्या संघांची स्पर्धा घ्यावी. पाच-पाचच्या सामन्याला पंचांची संख्या सहाच्या खाली आणू नये.